टॅपेस्ट्री ते पिंक मून: सत्तरच्या दशकातील सहा तबकड्या आणि नागपूरची हवा

पाश्चात्त्य संगीतातील सॉफ्ट रॉक या प्रकाराशी आपली ओळख बहुधा हॉटेलच्या लॉबीत, लिफ्टमध्ये किंवा दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात होते, आणि त्यामुळे हे संगीत लक्ष देऊन ऐकायचे नसून नुसते कानावर पडू द्यायचे असते, असा समज पक्का होऊन बसतो. १९७० ते १९७७ या काळातील सहा अल्बम एलपी तबकड्यांवर, ज्या क्रमाने ते रचले गेले त्याच क्रमाने, मध्येच सुई न उचलता ऐकल्यावर माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. मोठ्या आवाजातल्या रॉकपेक्षा हे हळुवार संगीत ऐकणाऱ्याकडून आणि त्याच्या यंत्राकडूनही जास्त मागते, कारण एक गळा, एक गिटार किंवा एक पियानो एवढाच संसार असला की गाणाऱ्याला, वादकाला, ध्वनिमुद्रण करणाऱ्याला आणि तबकडी छापणाऱ्या कारखान्यालाही लपायला आडोसा उरत नाही. पुढील परीक्षण या सहा तबकड्यांचे आहे. त्या कुठे मिळाल्या, त्यांतल्या कोणत्या पैसे मोजून घ्याव्यात आणि आपल्या शहराच्या हवेत त्या कशा टिकतात, हेही त्यात ओघाने आले आहे.

यंत्रसामग्री साधी आहे: पट्ट्यावर फिरणारा मध्यम किमतीचा टर्नटेबल, त्याला जोडलेला, सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा छोटा प्रीअँप आणि पुस्तकांच्या कपाटात मावतील असे दोन स्पीकर. सहांपैकी तीन तबकड्या नव्याने छापलेल्या असून त्या ऑनलाइन मागवल्या. उरलेल्या तीन सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यामागील एका गल्लीतल्या दुकानातून घेतल्या. मूळचे ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे दुकान. आता मागच्या फळ्यांवर जुन्या तबकड्यांचे गठ्ठे उभे आहेत. त्यात नाट्यगीते, कव्वाल्या आणि हिंदी चित्रपटांच्या तबकड्या विपुल आहेत. इंग्रजी माल त्या मानाने थोडा, पण निगुतीने ठेवलेला. ‘या इंग्रजी तबकड्या कोण घेतं, काका?’ असे विचारल्यावर दुकानदारांनी मान न उचलता सांगितले, ‘पहिले कोनी पाहत नव्हतं. आता पोट्टे येऊन राहिले ना भाऊ, पन त्यांना फक्त रुमर्स पाहिजे.’

फ्लीटवुड मॅक या गटाच्या रुमर्स या अल्बमकडे नंतर वळू. सुरुवात टॅपेस्ट्रीपासून करावी लागते, कारण बाकीच्या पाचांकडे जाणारी वाट तिथूनच सुटते.

कॅरोल किंगचा हा अल्बम फेब्रुवारी १९७१ मध्ये आला. निर्माता लू अ‍ॅडलर याने हॉलिवूडमधील ए अँड एम स्टुडिओत त्याच वर्षीच्या जानेवारीत तो ध्वनिमुद्रित केला होता. अमेरिकेतील बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या यादीत तो सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता आणि १९७२ च्या ग्रॅमी समारंभात त्याला व त्यातल्या गाण्यांना मिळून चार पुरस्कार मिळाले. मात्र या आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती किंगची पूर्वपीठिका. साठच्या दशकाचा बराच काळ ती न्यूयॉर्कमध्ये पती जेरी गॉफिन याच्या जोडीने इतरांसाठी गाणी रचत होती. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गाणे १९६० मध्ये शिरेल्स या मुलींच्या गटाने गाऊन गाजवले होते, आणि अरीथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये गायलेले ‘नॅचरल वुमन’ हेही मुळात याच जोडीचे. टॅपेस्ट्रीच्या दुसऱ्या बाजूवर ही दोन्ही गाणी किंग स्वतः गाते. तिचा आवाज काही फ्रँकलिनच्या तोडीचा नाही. तो किंचित जाड आहे, वरच्या पट्टीत ताणल्यासारखा होतो आणि श्वास कुठे घेतला तेही ऐकू येते. परंतु ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ तिने संथ लयीत घेतल्यामुळे, शिरेल्सच्या गायनात सोळा वर्षांच्या मुलीचा वाटणारा प्रश्न इथे संसार करून चुकलेल्या बाईचा होतो. मागे साथीला गाणारे दोन आवाज जेम्स टेलर आणि जोनी मिचेल या तिच्या समकालीन गायक-गीतकारांचे आहेत. स्पीकरच्या बरोबर मध्ये बसल्यास ते वेगळे ओळखता येतात.

पहिल्या बाजूवरील दुसरे गाणे ‘सो फार अवे’ हे या परीक्षणापुरते माझे कसोटीचे गाणे ठरले. टेलरची गिटार, किंगचा पियानो, चार्ल्स लार्कीचा बास, रस कंकलचे ड्रम आणि शेवटी कर्टिस एमीची बासरी, एवढ्यावर ते उभे आहे. गाणे संपत आले की किंग थांबते आणि बासरी पुढे येते. फोनवर ऐकताना हा भाग मी नेहमी पुढे ढकलत असे, कारण शब्द संपले की गाणे संपले असे वाटायचे. तबकडीवर तो पुढे ढकलायचा म्हटला तर उठावे लागते, आणि न उठल्यामुळे लक्षात आले की गाण्यातला दुरावा खरा त्या बासरीतच आहे. त्यानंतरच्या ‘इट्स टू लेट’चे शब्द टोनी स्टर्नचे आहेत आणि दोन माणसांचे नाते कोणाच्याही दोषाविना संपल्याची कबुली इतक्या शांतपणे देणारे गाणे त्या काळच्या यादीत अव्वल ठरले, याचे आजही नवल वाटते.

इथे भावगीताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी गाऊन तबकडीवर आणली, तेव्हा आपल्याकडेही मोजक्या साथीवर एका माणसाचे खासगी मन गाण्याची वाट खुली झाली होती. फरक एवढाच की आपल्याकडे कवी, संगीतकार आणि गायक असे तीन वाटेकरी असतात आणि भावना त्या तिघांच्या हातून गाळून येते. १९७० नंतरच्या या गायक-गीतकारांनी मात्र स्वतःच लिहिले, स्वतःच चाल बांधली आणि स्वतःच गायले. त्यात जशी ताकद आहे तसाच धोकाही आहे, कारण सूर चुकला नाही तरी प्रामाणिकपणा चुकू शकतो. या दशकातील कितीतरी अल्बम त्या दुसऱ्या चुकीमुळेच आज ऐकवत नाहीत.

जोनी मिचेलच्या ब्लूमध्ये ती चूक सापडत नाही. जून १९७१ मध्ये आलेला हा अल्बम त्याच ए अँड एम स्टुडिओत, जवळपास टॅपेस्ट्रीच्याच काळात, मिचेलने स्वतःच्याच देखरेखीखाली केला. लहानपणी पोलिओ झाल्याने तिच्या डाव्या हातात कमी बळ राहिले होते. त्यामुळे नेहमीचे स्वरगुच्छ धरण्याऐवजी ती गिटारच्या तारा वेगवेगळ्या पद्धतीने जुळवून घेत असे, आणि तिच्या गाण्यांत इतरांच्या गिटारीपेक्षा निराळे, थोडे अधांतरी वाटणारे स्वर येतात ते त्यामुळे. चार गाण्यांत ती अ‍ॅपलाचियन डल्सिमर हे मांडीवर आडवे ठेवून वाजवण्याचे छोटे तंतुवाद्य वाजवते. ‘अ केस ऑफ यू’मध्ये त्या वाद्याचा टणत्कार आणि टेलरची गिटार एकमेकांत इतकी मिसळतात की पहिल्या काही ऐकण्यांत दोन वाद्ये आहेत हेच कळत नाही. ‘लिटल ग्रीन’ हे गाणे तिने १९६५ मध्ये जन्मलेल्या आणि दत्तक द्याव्या लागलेल्या मुलीविषयी लिहिले आहे. माय-लेकींची भेट पुढे १९९७ मध्ये झाली, पण १९७१ च्या श्रोत्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. हे माहीत नसतानाही गाणे तसूभर कमी होत नाही, हे त्या रचनेचे मोठेपण.

तबकडी म्हणूनही ब्लू सर्वांत अवघड आहे, आणि इथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. फेऱ्यांचा वेग कायम असल्याने बाहेरच्या कडेजवळ सुईखालून खाचेची जेवढी लांबी सरकते, तिच्या निम्म्याहून कमी लांबी लेबलाजवळ सरकते. तेवढाच ध्वनी कमी जागेत कोंबावा लागल्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटण्याचा धोका वाढतो, आणि म्हणून त्या काळचे निर्माते बाजूचा शेवट बहुधा शांत गाण्याने करत. ब्लूच्या पहिल्या बाजूचा शेवट ‘ब्लू’ या शीर्षकगीताने होतो, त्यात फक्त पियानो आणि गळा आहे. तबकडीचे मधले भोक केसभर जरी सरकलेले असले, तरी लांबवलेला पियानोचा स्वर हलकासा हेलकावतो. ढोल-ताशांच्या गदारोळात हा दोष कोणाच्या लक्षातही येणार नाही. इथे तो पहिल्याच स्वराला उघडा पडतो. माझ्याकडची ब्लू नव्या छपाईची आहे आणि तिचे भोक नेमके आहे, मात्र दुसऱ्या बाजूला ‘रिव्हर’च्या आरंभी, जिथे मिचेल पियानोवर जिंगल बेल्सची चाल उदास करून वाजवते, तिथे बारीक करकर आहे, आणि धुतल्यावरही ती गेली नाही. नव्या तबकड्यांच्या वेष्टनावर १८० ग्रॅम वजनाचा शिक्का मोठ्या डौलाने मारलेला असतो. ग्राहकांनी त्याला फारसे भुलू नये. जाड तबकडी कमी वाकते हे खरे, पण छपाई स्वच्छ आहे की नाही हे वजनावरून कळत नाही.

तबकडीच्या आवाजाच्या ऊबदारपणाविषयी जे बोलले जाते, त्यातले बरेचसे हौसेचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या प्रतीची डिजिटल फाइल चांगल्या यंत्रावर याच अल्बमचे बहुतेक तपशील ऐकवते, तेही करकर न करता. तबकडीचा खरा फायदा दुसराच आहे. एका बाजूवर २०–२२ मिनिटांहून अधिक संगीत चांगल्या प्रतीने मावत नाही, त्यामुळे हे अल्बम दोन अंकी नाटकासारखे बांधलेले आहेत. मध्यंतर धरून ऐकले की त्यांची घडण कळते आणि गाण्यांची सरमिसळ करून ऐकले की ती हरवते. दुसरा फायदा मालकीचा. जानेवारी २०२२ मध्ये नील यंग आणि त्याच्या पाठोपाठ मिचेल यांनी एका वादातून आपले संगीत स्पॉटिफाय या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या सेवेवरून काढून घेतले आणि ते परत यायला मार्च २०२४ उजाडला. त्या दोन वर्षांत वर्गणी भरणाऱ्या श्रोत्याला तिथे ब्लू मिळत नव्हता. फळीवरची तबकडी अशी कोणाच्या वादात निघून जात नाही.

कॅट स्टीव्हन्सचा टी फॉर द टिलरमन, नोव्हेंबर १९७०, हा त्या मानाने सोपा आणि पहिल्याच ऐकण्यात आवडणारा अल्बम आहे. आपल्याकडे वसतिगृहांत गिटार घेऊन बसणाऱ्या एका अख्ख्या पिढीने ‘वाइल्ड वर्ल्ड’ घोटून ठेवले होते. लंडनमध्ये ग्रीक-सायप्रियट वडिलांच्या उपाहारगृहाच्या वर वाढलेला हा मुलगा विशीच्या आतच लोकप्रिय झाला. १९६९ मध्ये त्याला क्षयाने गाठले, कित्येक महिने अंथरुणात गेले आणि त्या सक्तीच्या विश्रांतीनंतर तो वेगळाच गीतकार होऊन बाहेर आला. निर्माता पॉल सॅमवेल-स्मिथने वाद्यमेळ जवळजवळ मोडीत काढून स्टीव्हन्स आणि अ‍ॅलन डेव्हिस यांच्या दोन गिटारींवर सगळा भार टाकला. ‘फादर अँड सन’मध्ये बापाचे शब्द तो खर्जाकडे झुकून गातो आणि मुलाचे वरच्या पट्टीत. एकाच गळ्यातून दोन माणसे बोलतात, आणि दोघांचेही पटते. हे गाणे मुळात रशियन क्रांतीवरच्या एका संगीतिकेसाठी योजलेले होते, पण ती संगीतिका कधी झालीच नाही. २०२० मध्ये, आता युसूफ या नावाने गाणाऱ्या त्याच गायकाने हा संपूर्ण अल्बम नव्याने केला आणि या गाण्यात मुलाचा आवाज म्हणून स्वतःचेच १९७० मधले जुने ध्वनिमुद्रण वापरले, बापाची बाजू मात्र वयाच्या सत्तरीपलीकडच्या गळ्याने गायली. कल्पना दाद देण्याजोगी आहे, तरीही घ्यायचा असेल तर जुनाच अल्बम घ्यावा. सीताबर्डीच्या दुकानातून घेतलेल्या माझ्या प्रतीचे कव्हर, ज्यावर स्टीव्हन्सनेच काढलेले लाल दाढीवाल्या माणसाचे चित्र आहे, कोपऱ्यांना झिजलेले आहे. तबकडी मात्र साबणाच्या पाण्याने हलकेच धुतल्यावर ‘इन्टू व्हाइट’मधले व्हायोलिन स्वच्छ ऐकू येण्याइतकी चांगली निघाली.

नील यंगच्या हार्वेस्टबाबत मात्र माझी तक्रार आहे. १९७१ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे यंगला जड इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभे राहणे कठीण झाले होते आणि तो बसून, साध्या गिटारीवर गात होता. जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला गेला असताना त्याने तिथल्याच स्टुडिओत काही गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच कार्यक्रमाला आलेले जेम्स टेलर आणि लिंडा रॉनस्टॅट साथीला गायले, शिवाय ‘ओल्ड मॅन’मध्ये टेलरने सहा तारांचा बँजो वाजवला. हा भाग अप्रतिम आहे. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे त्याचे एकमेव गीत बिलबोर्डच्या यादीत पहिले आले, ते उगाच नव्हे. परंतु ‘अ मॅन नीड्स अ मेड’ आणि ‘देअर्स अ वर्ल्ड’ या दोन गाण्यांत अचानक लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा येऊन उभा राहतो. जॅक नित्शेची ही वाद्यरचना आपल्या जागी चांगली असेलही, पण बाकीचा अल्बम बैठकीच्या खोलीत बसून गायल्यासारखा असताना मध्येच लग्नाचा बँडच दारात यावा, तशी ती दोन गाणी वाटतात. तबकडीवर ती टाळून पुढे जाता येते, पण मग वर सांगितलेली घडण बिघडते. फेब्रुवारी १९७२ मध्ये आलेला हा अल्बम त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपला होता, हे लक्षात घेता माझे मत अल्पमतातले असणार. तरीही पहिल्यांदा तबकडी घेणाऱ्याला मी हार्वेस्ट सुचवणार नाही.

आता पोरांना हवा असलेला रुमर्स. फ्लीटवुड मॅकचा फेब्रुवारी १९७७ मधला हा अल्बम वरील सर्वांपेक्षा अधिक घोटीव आहे, आणि साध्या गिटारीचे संगीत सात वर्षांत किती खर्चिक झाले याचा तो पुरावा आहे. गटातील दोन जोड्या त्याच काळात फुटत होत्या आणि ज्याच्यावर गाणे लिहिले तोच शेजारी उभा राहून साथ करत होता, ही कहाणी सर्वश्रुत आहे. मला त्यापेक्षा रंजक वाटतो तो तबकडीच्या मर्यादेने घेतलेला एक बळी. स्टीव्ही निक्सचे ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणे जागेअभावी अल्बमातून वगळून एका सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला टाकले गेले आणि तिला ते फार लागले. नव्या आवृत्त्यांत हे गाणे अनेकदा जोडलेले असते; डिजिटलचा हा एक निर्विवाद लाभ. ‘साँगबर्ड’साठी मात्र स्टुडिओ सोडून बर्कलीच्या झेलरबाख सभागृहात पियानो मांडला गेला आणि क्रिस्टीन मॅकव्हीचा आवाज त्या मोठ्या रिकाम्या जागेच्या घुमाऱ्यासह टिपला गेला. बाजूच्या इतर गाण्यांनंतर हे गाणे सुरू होताच खोलीच्या भिंती मागे सरकल्यासारख्या होतात. बिलबोर्डवर ३१ आठवडे अव्वल, १९७८ चा ग्रॅमी, आणि २०२० मध्ये स्केटबोर्डवरून जाणाऱ्या एका माणसाच्या छोट्या व्हिडिओमुळे ‘ड्रीम्स’ पुन्हा याद्यांमध्ये, असा त्याचा प्रवास आहे. दुकानदार म्हणतात ते खरे असावे, कारण माझ्यासमोर आलेल्या कॉलेजच्या दोन मुलांनी दुसरे काही पाहिलेही नाही. रुमर्स वाईट नाही, मुळीच नाही. पण तो फोनवरही तितकाच चांगला लागतो. इतक्या सफाईने बांधलेल्या ध्वनीला तबकडीची फार गरज नाही.

निक ड्रेकच्या पिंक मूनला ती आहे. १९४८ मध्ये रंगूनला जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये वाढलेल्या ड्रेकचे आधीचे दोन अल्बम तंतुवाद्यांनी आणि इतर साथीने सजवलेले होते आणि त्यांची विक्री किरकोळ झाली. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रक जॉन वुडसोबत दोन रात्री बसून त्याने हा तिसरा अल्बम केला. शीर्षकगीतात नंतर जोडलेला पियानोचा एक छोटा तुकडा सोडला, तर त्यात गळा आणि गिटार यांखेरीज काहीही नाही. अकरा गाणी, जेमतेम २८ मिनिटे. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये वयाच्या २६ व्या वर्षी तो वारला, आणि पाव शतकानंतर, १९९९ च्या अखेरीस, एका मोटारीच्या जाहिरातीत शीर्षकगीत वाजल्यावर लोकांनी त्याचे अल्बम शोधायला सुरुवात केली. ड्रेकची बोटे तारांवरून सरकताना होणारी कुजबुज, अंगठ्याने खर्जाच्या तारेवर धरलेला अखंड ठेका आणि त्यावर जवळजवळ पुटपुटल्यासारखा गळा, हे सर्व इतके जवळून टिपले आहे की आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की तबकडीवरचा धुळीचा प्रत्येक कणही ऐकू येतो. पन्नास वर्षांपूर्वीची प्रत घेण्याचा मोह इथे टाळावा. एकतर मूळ प्रतींच्या किमती हौशी संग्राहकांनी आवाक्याबाहेर नेल्या आहेत, आणि दुसरे म्हणजे या अल्बमात जुनी करकर शोभा आणत नाही, गाणे खाऊन टाकते.

याच अल्बमची पहिली प्रत मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मे महिन्यात मागवली होती. ती बशीसारखी वाकून आली. तबकडी पीव्हीसीची असते, आणि दुपारी पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना पोहोचवणाऱ्या गाडीच्या बंद डब्यात तिचे काय होत असेल, याचा अंदाज नागपूरकरांना सांगावा लागत नाही. विक्रेत्याने आधी खोके उघडतानाचे चित्रीकरण मागितले, ते नसल्याने बरीच पत्रापत्री झाली आणि शेवटी बदली प्रत मिळाली. तेव्हापासून मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत बाहेरगावाहून तबकडी मागवायची नाही, असा नियम केला आहे. घरातही पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा माळ्यावर त्या ठेवू नयेत आणि एकावर एक रचू नयेत. पुस्तकांप्रमाणे उभ्या, एकमेकींना टेकवून, घरातल्या सर्वांत थंड भिंतीपाशी ठेवाव्यात.

उन्हाळ्याचा दुसरा अडसर कूलर. कूलर चालू असताना टॅपेस्ट्री कशीबशी ऐकता येते, रुमर्स सहज, ब्लू आणि पिंक मून अजिबात नाही. पंप आणि पंख्याची घरघर नेमकी गिटारच्या खालच्या स्वरांवर येऊन बसते. शिवाय खसच्या ताटीतून येणारी ओलसर हवा थेट फळीवर येत असेल, तर कागदी कव्हरांना पावसाळ्याआधीच बुरशी धरते. कूलर लागण्याआधीच्या कोरड्या दिवसांत उलट त्रास: आतल्या पिशवीतून तबकडी काढताच तिच्यावर स्थिर वीज तयार होते आणि खोलीतली सगळी धूळ तिच्याकडे धावते. कार्बनच्या केसांचा साधा ब्रश आणि कागदाऐवजी मऊ प्लॅस्टिकची आतली पिशवी, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. या संगीताचा खरा हंगाम आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होतो, पंखेही बंद असतात तेव्हा, मग भले लग्नसराईतला डीजे अधूनमधून आडवा येवो.

सहांच्या बाहेरचेही काही चाळून पाहिले. ब्रेड या गटाच्या डेव्हिड गेट्सची गाणी चालीला गोड आहेत, पण एका बाजूच्या शेवटी ती एकाच गाण्याची कडवी वाटू लागतात. कार्पेंटर्स या भावा-बहिणीच्या जोडीतील कॅरन कार्पेंटरचा खालच्या पट्टीतला आवाज थोर आहे, भोवतीची सजावट तेवढी नाही. जेम्स टेलरचा १९७० चा स्वीट बेबी जेम्स मात्र या यादीत असायलाच हवा होता. त्यात पियानोवर कॅरोल किंग आहे आणि ‘फायर अँड रेन’मध्ये रस कंकलने ड्रम काठ्यांऐवजी ब्रशने वाजवले आहेत, यासाठी तरी तो ऐकावा. दुकानातील प्रत ओरखड्यांनी भरलेली असल्याने घेतली नाही.

खर्चाचे बोलायचे तर नव्या छपाईच्या तबकडीला मला साधारण अडीच ते साडेतीन हजार रुपये पडले. ही रक्कम लहान नाही, आणि त्या पैशांत वर्षभराची वर्गणी भरूनही काही शिल्लक राहील. म्हणून पहिली खरेदी एकच करायची असल्यास टॅपेस्ट्रीची जुनी, चांगल्या अवस्थेतील प्रत शोधावी. ती लाखोंनी खपल्यामुळे सापडते आणि तिच्यातला पियानो थोडी करकर सहन करतो. दुसरी ब्लू, पण नवी. पिंक मून तिसरी, आणि तीही यंत्राची सुई चांगली असेल तरच. सीताबर्डीच्या दुकानात जुन्या प्रती याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मिळतात. काका स्वतःच्या टर्नटेबलवर तबकडी वाजवून दाखवतात, त्या वेळी बाजूचे पहिले गाणे न ऐकता लेबलाजवळचे शेवटचे लावायला सांगावे आणि तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी. पावती मिळत नाही. घरी नेल्यावर सुई अडकली तर आठवड्याच्या आत दुसरी तबकडी बदलून देतात, पैसे मात्र परत देत नाहीत.